सोयाबीनच्या गाठीत नायट्रोजनेझ चालू आहे का बंद, हे कसं ओळखायचं

सोयाबीनला गाठी किती आल्या हे सगळेच मोजतात. झाड उपटायचं, मुळं झटकायची, फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा की झालं. पण मुळाला गाठ असणं आणि त्या गाठीत नत्र तयार होणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट कुणी बघतच नाही. नत्र तयार करायचं काम नायट्रोजनेझ नावाचं एन्झाइम करतं, ते झाडाचं नसून गाठीतल्या जिवाणूचं असतं. ह्या एन्झाइमचा स्वभाव एकदा कळला की रायझोबियमचं, म्हणजे गाठी करणाऱ्या जिवाणूचं पाकीट कुठं ठेवायचं, युरिया टाकायचा का नाही, पाणी साचलं तर पीक पिवळं का पडतं, हे सगळं पाठ करायची गरज राहत नाही. म्हणून आधी एन्झाइम बघू, मग शेतात जाऊ. ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ खाली गाठ कापायच्या भागावर उडी मारली तरी चालेल, पण मग का, कशाला, हे विचारायचं नाही.

हवेत ७८ टक्के नत्रवायू आहे हे शाळेतलं. तो झाडाला वापरता येत नाही कारण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने धरलेले असतात, तो बंध तोडायला मोलमागं ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. खत कारखान्यात ह्याच नत्रापासून अमोनिया करतात तेव्हा ४०० ते ५०० अंश तापमान आणि हवेच्या दीड-दोनशे पट किंवा त्याहून जास्त दाब लावावा लागतो, पुढं त्याच अमोनियाचा युरिया होतो. जिवाणू तेच काम औशाच्या नाहीतर जिंतूरच्या काळ्या रानात, साध्या तापमानाला, साध्या दाबाला करतो. पण फुकटात नाही करत बरं का, ते पुढं येईलच.

आता हे एन्झाइम दिसतं कसं? मोबाइलवर बघता येतं, खोटं नाही सांगत. प्रोटीन डेटा बँक नावाची वेबसाइट आहे, फुकट आहे, लॉगिन पण लागत नाही. सर्चमध्ये ३ यू ७ क्यू हा कोड टाका, इंग्रजी आकडे-अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. जे पान उघडेल त्यावर थ्रीडी स्ट्रक्चर बघायचं बटण असतं, ते दाबलं की रिबिनींचा एक गुंता येतो आणि तो बोटानं फिरवता येतो. नेट स्लो असेल तर जरा थांबा. हे प्रोटीन सोयाबीनच्या जिवाणूचं नाही, अ‍ॅझोटोबॅक्टर विनेलँडी ह्या मोकळ्या मातीत राहणाऱ्या जिवाणूचं आहे, ज्याच्या भावकीतल्या जिवाणूचं पाकीट आपण ज्वारीला न् कपाशीला लावतो. पण गाठीतल्या नायट्रोजनेझची मूळ बांधणी हीच, त्यामुळं शिकायला चालतंय. ह्याची पहिली रचना १९९२ मध्ये अमेरिकेत कॅल्टेकला डग्लस रीस यांच्या प्रयोगशाळेतून बाहेर आली.

त्या गुंत्यात ए, बी, सी, डी अशा चार साखळ्या दिसतील, दोन अल्फा दोन बीटा. नीट फिरवलं की कळतं की हे एकाच नमुन्याचे दोन अर्धे भाग आहेत, पाठीला पाठ लावल्यासारखे. प्रत्येक अर्ध्यात दोन धातूचे गोळे असतात. एक अल्फा आणि बीटाच्या सांध्यात बसलेला, त्याला पी-क्लस्टर म्हणतात, त्यात ८ लोह आणि ७ गंधक, आणि त्याला दोन्हीकडून तीन-तीन सिस्टीन (प्रोटीनच्या साखळीतलं एक अमिनो आम्ल) धरून असतात. दुसरा अल्फाच्या पोटात, आणि खरा माल तिथंच आहे. त्याचं नाव लोह-मॉलिब्डेनम कोफॅक्टर, ७ लोह, ९ गंधक, १ मॉलिब्डेनम, बाजूला होमोसायट्रेट नावाचा एक सेंद्रिय रेणू, आणि बरोब्बर मधोमध एक कार्बनचा अणू. हा मधला अणू कार्बनच आहे हे २०११ मध्ये पक्कं झालं, त्याआधी कित्येक वर्षं तिथं नत्र आहे का ऑक्सिजन आहे यावर वाद चालू होता. यादीत आय सी एस नावाचा लिगँड, म्हणजे प्रोटीनला जोडलेला हाच गोळा, दिसेल त्यावर बोट ठेवा, व्ह्यू तिथंच झूम होतो. गंमत म्हणजे एवढा मोठा गोळा प्रोटीनला फक्त दोन ठिकाणी बांधलेला आहे, एका टोकाला अल्फाचं २७५ नंबरचं सिस्टीन लोहाला धरतं आणि दुसऱ्या टोकाला ४४२ नंबरचं हिस्टिडीन मॉलिब्डेनमला. नत्राचा रेणू ह्याच गोळ्यावर येऊन तुटतो.

पण हे प्रोटीन एकटं काहीच करत नाही. त्याला इलेक्ट्रॉन आणून देणारं दुसरं प्रोटीन लागतं, त्याला लोह-प्रोटीन म्हणतात, त्याचे दोन सारखे भाग आणि दोघांच्या मध्ये चार लोह चार गंधकाचा एकच गोळा. दोन एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, घेतल्याशिवाय ते जागचं हलत नाही. साखर कारखान्यावर उसाच्या गाड्या लागतात तसं समजा: गाडी येते, काट्यावर लागते, खेप खाली करते, निघून जाते, परत भरून येते. इथं प्रत्येक खेपेला फक्त एक इलेक्ट्रॉन, आणि खेपेमागं दोन एटीपी खर्च. इलेक्ट्रॉन आधी पी-क्लस्टरकडं आणि तिथून कोफॅक्टरवर जातो, दर टप्प्याचं अंतर साधारण १४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग). नत्राच्या एका रेणूला अशा आठ खेपा लागतात, म्हणजे १६ एटीपी, आणि हाती येतात अमोनियाचे दोन रेणू आणि सोबत हायड्रोजनचा एक. दोन अमोनियाला सहाच इलेक्ट्रॉन पुरायला पाहिजेत, उरलेले दोन हायड्रोजन वायू होऊन निघून जातात, आणि हे वाया जाणं टाळता येत नाही कारण हायड्रोजन सुटल्याशिवाय नत्राचा रेणू तिथं नीट बसतच नाही. काही जिवाणूंकडं हा हायड्रोजन परत वापरायचं वेगळं एन्झाइम असतं, तशा जाती जास्त किफायतशीर.

आता मेन पॉइंट. हे एन्झाइम ऑक्सिजनला अजिबात सहन करत नाही. त्यातल्या त्यात लोह-प्रोटीन उघड्या हवेत एखाद्या मिनिटात निकामी होतं, मोठं प्रोटीन काही मिनिटं तग धरतं. पण १६ एटीपी बनवायचे तर जिवाणूला श्वास घ्यावाच लागतो, म्हणजे ऑक्सिजन पाहिजेच. हा तिढा झाड सोडवतं. गाठीच्या पेशींत झाड लेगहिमोग्लोबिन नावाचं लाल प्रोटीन भरून ठेवतं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलं, ते ऑक्सिजन घट्ट पकडतं आणि जिवाणूला हळूहळू पोचवत राहतं, त्यामुळं मोकळा ऑक्सिजन नॅनोमोलरच्या पातळीवर, म्हणजे अगदी नगण्यच राहतो. गाठ कापल्यावर दिसतो तो गुलाबी रंग ह्याचा. नायट्रोजनेझचा स्वतःचा रंग गुलाबी नाही, शुद्ध केलं तर मोठं प्रोटीन गडद तपकिरी दिसतं. म्हणून गुलाबी रंग हा अप्रत्यक्ष पुरावा आहे, पण शेतात यापेक्षा चांगला पुरावा मिळत नाही.

पेरणीआधी काय करायचं

परभणीच्या विद्यापीठात १८ मेच्या आसपास खरिपाचा मेळावा असतो, बियाणं आणि जिवाणू खतं घ्यायला लोक लांबून येतात. चांगलं आहे, घ्या. पण पाकीट आणायचं मेमध्ये आणि पेरणी जूनच्या शेवटी, तोवर ते पाकीट गाडीच्या डिकीत नाहीतर पत्र्याच्या शेडमध्ये युरियाच्या पोत्यावर पडलेलं असतं, बाहेर ४२ अंश, पत्र्याखाली त्याहून जास्त. आतले जिवाणू तिथंच संपतात आणि मग म्हणायचं रायझोबियमचा काही उपयोग नाही. पाकीट सावलीत, गार जागी, माठाजवळच्या कोपऱ्यात ठेवा. घेताना दोन गोष्टी वाचा, शेवटची तारीख आणि पिकाचं नाव. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम लागतो, हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, तुरीचा वेगळा. दुकानदार म्हणाला "सगळ्याला एकच चालतंय बघा" तर मान हलवून दुसऱ्या दुकानात जा.

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आला की पेरणीच्या दिवशीच बीजप्रक्रिया करायची. क्रम असा की आधी बुरशीनाशक, मग लागत असेल तर कीटकनाशक, ते सुकू द्यायचं आणि सगळ्यात शेवटी जिवाणू. रासायनिक औषध आणि जिवाणू एकाच घमेल्यात कालवले तर जिवाणूला मारायचा खर्च तुम्हीच केला. एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करा, त्यात पाकीट मिसळून दाटसर लेप करा, २५० ग्रॅमचं पाकीट १० किलो बियाण्याला, म्हणजे एकरी ३० किलो बियाणं असेल तर तीन पाकिटं. बी ताडपत्रीवर पसरून हलक्या हातानं वरखाली करा, चोळू नका. सोयाबीनची साल लई पातळ असते, जास्त ओलं झालं की सुरकुत्या पडतात, साल सुटते आणि उगवण मार खाते. ओलसर लेप बसला की बस. सावलीत सुकवा आणि लगेच पेरा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

एक प्रामाणिक गोष्ट सांगतो. ज्या रानात वर्षानुवर्षं सोयाबीनच आहे तिथं मातीत हा जिवाणू आधीच असतो, तिथं पाकिटाचा फरक डोळ्याला फारसा दिसणार नाही. जिथं ऊस मोडून किंवा पहिल्यांदाच सोयाबीन घेताय तिथं मात्र पाकीट चुकवू नका. खात्री करायची असेल तर चार तास, म्हणजे चार ओळी, बिगर-प्रक्रियेचे पेरा, खुणेला काठ्या रोवा.

खताचं. शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश अशी आहे, म्हणजे एकरी १२-२४-१२. डीएपीच्या ५० किलोच्या एका बॅगेत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद येतं, त्यात नत्र-स्फुरदाचं जवळजवळ भागतं. थोडं नत्र सुरुवातीला लागतंच, कारण गाठी कामाला लागायला तीन-चार आठवडे जातात, तोवर रोपानं काय खायचं? पण पुढं पीक जरा फिकं दिसलं की लगेच युरिया फेकायची जी सवय आहे ती सोडा. आयतं नायट्रेट मिळालं की झाड गाठी करायचं आखडतं आणि असलेल्या गाठींना साखर द्यायला हात आखडतं. त्यालाही हिशोब कळतो, १६ एटीपी घालून नत्र बनवण्यापेक्षा मातीतलं उचलणं स्वस्त. स्फुरदाचं उलटं आहे, ते कमी पडलं तर एटीपीच कमी, म्हणून स्फुरदात काटकसर नको. मला स्वतःला डीएपीपेक्षा सुपर फॉस्फेट बरं वाटतं, तीन बॅगा म्हणजे १५० किलोत २४ किलो स्फुरद बसतं आणि सोबत सोळा किलोच्या आसपास गंधक येतं. गंधक तसं तेलासाठी न् प्रोटीनसाठी लागतं, एन्झाइमच्या गोळ्यात जाणारं त्यातलं चिमूटभरच, पण जातं तर खरं. सुपर फॉस्फेट घेतलं तर नत्रासाठी २६ किलो युरिया पेरतानाच द्यायचा.

गाठ कापून बघायची पद्धत

पेरणीनंतर ३५ ते ४५ दिवसांनी, पीक फुलावर येताना बघायचं. वाण एमएयूएस ७१ असो, जेएस ३३५ असो, वेळ साधारण हीच. झाड उपटायचं नाही, काळ्या मातीत उपटलं की बारीक मुळं आणि चांगल्या गाठी खालीच राहतात आणि तुम्ही म्हणता गाठीच नाहीत. कुदळीनं बुंध्यापासून वीतभर लांब गोल खणा, ढेकळासकट झाड उचला आणि बादलीत पाण्यात बुडवून ठेवा, माती आपोआप सुटते, घाई करू नका. बांधावरचं झाड घेऊ नका, रानात तिरपं चालत जाऊन पाच-सहा ठिकाणची घ्या.

आता अंगठ्यानं गाठ ढकला. खरी गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि ढकलली की सुटून येते. मूळच फुगलेलं असेल आणि काही सुटत नसेल तर ते सूत्रकृमीचं काम आहे, त्याचा आणि नत्राचा काही संबंध नाही, बरेच जण त्याच्याच गाठी मोजून खूश होतात. मग दाढीच्या ब्लेडनं गाठ मधोमध कापा आणि लगेच बघा, हवा लागली की रंग उतरून तपकिरी व्हायला लागतो.

गडद गुलाबी ते लाल, म्हणजे काम चालू. मोठ्या, मुख्य मुळाच्या वरच्या भागात आलेल्या आणि आतून लाल अशा थोड्या गाठी असल्या तरी बास झालं. पांढरट असेल तर दोन शक्यता, एक तर गाठ अजून कोवळी आहे, आठवड्यानं परत बघा, नाहीतर आत शिरलेला जिवाणू कामाचा नाही. बारीक मोहरीएवढ्या, सगळ्या मुळांवर विखुरलेल्या, आतून पांढऱ्या गाठी खच्चून दिसल्या तर त्यावर भाळू नका, त्या बहुधा झाडाचं खातात आणि काही देत नाहीत. हिरवट किंवा राखाडी म्हणजे लेगहिमोग्लोबिन मोडलं, काम बंद. शेंगा भरत आल्यावर हे होणारच, तेव्हा घाबरू नका, पण पंचेचाळिसाव्या दिवशी हिरवं दिसलं तर काहीतरी बिघडलंय.

बहुतेक वेळा बिघडलेलं असतं ते पाणी. आपल्याकडं पाऊस येत नाही तर येत नाही आणि आला की चार दिवस हटत नाही, काळ्या भारी रानात पाणी साचतं, मातीतली हवा संपते. मग गाठीला ऑक्सिजन पोचत नाही, जिवाणूला एटीपी बनवता येत नाही आणि एन्झाइम जागेवर असून नुसतं बसून राहतं. ऑक्सिजन त्याला विष, पण ऑक्सिजन नसला तरी ते उपाशी. त्यामुळं साचलेल्या रानावर युरिया हा पहिला उपाय नाही, चर काढून पाणी बाहेर काढणं हा पहिला. रुंद वरंबा सरीवर, म्हणजे बीबीएफनं पेरलेलं रान अशा वेळी उठून दिसतं. उघडीप मिळाली की कोळपणी करा, वरचा थर फुटतो आणि हवा खेळते. उलटं, ताण पडला की पण गाठी बंद पडतात, आणि बऱ्याचदा पानं कोमेजायच्या आधी.

पिवळेपणा दोन प्रकारचा, हे मात्र नीट बघा. खालची जुनी पानं एकसारखी पिवळी पडत असतील तर नत्र कमी, गाठी तपासा. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ते लोह कमी पडल्याचं लक्षण, चुनखडीच्या रानात हे फार दिसतं, मातीत लोह असतं पण झाडाला उचलता येत नाही. आणि लोह नाही म्हणजे पानही पिवळं, लेगहिमोग्लोबिनही कमी आणि ते सगळे धातूचे गोळेही उपाशी. अशा वेळी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर लिंबूसत्व घालून फवारा, सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर. मॉलिब्डेनमच्या बाटल्या विकायला येणारे पण असतात. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत त्याची कमतरता पडू शकते, पण सामू आठच्या आसपास असलेल्या आपल्या मातीत मॉलिब्डेनम झाडाला सहज मिळतं. माती परीक्षणात कमी निघालं तरच पैसे घाला.

कॉलेजच्या पोरांसाठी

बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी असेल आणि प्रोजेक्टला काहीतरी हवं असेल तर अ‍ॅसिटिलीन टेस्ट करा. नायट्रोजनेझला तिहेरी बंध दिसला की ते त्याच्यावर पण काम करतं, अ‍ॅसिटिलीनचं इथिलीन करतं, आणि इथिलीन गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजता येतं. १९६६ पासून ही पद्धत वापरात आहे. गाठींसकट ताजी मुळं रबरी बूच असलेल्या बाटलीत ठेवायची, दहा टक्के हवा काढून तितकंच अ‍ॅसिटिलीन सोडायचं, अर्धा-एक तासानं सिरिंजनं नमुना घ्यायचा. एक बाटली गाठी नसलेल्या मुळांची आणि एक अ‍ॅसिटिलीन न सोडलेली ठेवा, मुळं स्वतः पण थोडं इथिलीन सोडतात. अ‍ॅसिटिलीन पेट घेतं, जवळ बर्नर नको. आणि आलेल्या आकड्यावरून एकरी किती किलो नत्र मिळालं असा हिशोब मांडायच्या भानगडीत पडू नका, बंद बाटलीत गाठ लवकरच मंदावते, ही टेस्ट दोन रानांची किंवा दोन पाकिटांची तुलना करायला ठीक आहे.

हरभऱ्याला हीच पद्धत, पण दोन फरक. त्याच्या गाठी गोल नसतात, लांबट आणि पुढं फाटे फुटलेल्या असतात, कारण टोकाला वाढ चालूच राहते. म्हणून ती आडवी न कापता उभी कापा: टोक पांढरं, मध्ये गुलाबी, मुळाकडचा भाग हिरवट, असं एकाच गाठीत तिन्ही रंग दिसले तर गाठ ठणठणीत आहे, हिरवं बघून दचकू नका. गुलाबी पट्टा किती लांब आहे तेवढंच बघायचं. आणि पाकीट हरभऱ्याचंच घ्या, खरिपातलं उरलेलं सोयाबीनचं पाकीट रब्बीत खपवू नका, तो जिवाणू हरभऱ्याच्या मुळाला ओळखत सुद्धा नाही.